राक्षस कुणाच्या बाजूचा?

मार्च १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या उत्तरेला व्हाइट प्लेन्स इथल्या कोर्टात अल्बर्ट फिश नावाच्या म्हाताऱ्यावर खुनाचा खटला चालला. खून १९२८ सालचा होता आणि मारली गेलेली मुलगी दहा वर्षांची होती. फिश चौसष्ट वर्षांचा, अंगाने किरकोळ, पिकल्या मिशीचा, बोलायला मऊ. मुलीच्या आईवडिलांनी त्याला आपल्या घरी जेवायला बसवलं होतं. एका लहान मुलीच्या वाढदिवसाला नेतो असं सांगून तो तिला दिवसाढवळ्या, त्यांच्याच परवानगीने घेऊन गेला होता. बचावपक्षाच्या वतीने त्याला तुरुंगात भेटून तपासलं ते डॉ. फ्रेड्रिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने. वर्थमने त्याचं सगळं आयुष्य ऐकून घेतलं आणि कोर्टाला सांगितलं की हा माणूस कायद्याच्या अर्थानेही वेडा आहे. ज्युरीने ते मानलं नाही. १६ जानेवारी १९३६ रोजी सिंग सिंग तुरुंगात फिशला विजेच्या खुर्चीत बसवलं गेलं.

त्या खटल्यानंतर एकोणीस वर्षांनी, २१ एप्रिल १९५४ रोजी, हाच वर्थम न्यूयॉर्क शहरातल्या फोली स्क्वेअरच्या कोर्टाच्या इमारतीत पुन्हा साक्षीला उभा राहिला. समोर अमेरिकी सिनेटची बालगुन्हेगारीवरची उपसमिती होती आणि या वेळी आरोपी होती दहा सेंटला मिळणारी भयकथांची कॉमिक्स. फिशसारख्या माणसाच्या मनात शिरून त्याला समजून घेणारा हा डॉक्टर या चित्रांतल्या प्रेतांना आणि पिशाचांना मात्र समजून घ्यायला तयार नव्हता. मुलांचं मन नासवण्याचा ठपका त्याने त्यांच्यावर ठेवला.

खरा खुनी आणि चितारलेला राक्षस या दोघांनाही इतक्या जवळून पाहिलेला दुसरा माणूस मला माहीत नाही, म्हणून या पुस्तकाची सुरुवात त्याच्यापासून केली. भयकॉमिक्स वाचणारे आणि खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं वाचणारे हे दोन वेगळे वाचक आहेत असं समजलं जातं. पहिला पोरकट, दुसरा विकृत कुतूहलाचा, अशी दोघांची वासलात लावली जाते. मला ते एकाच भुकेचे दोन घास वाटतात. माणसाच्या आत काय दडलेलं असतं ते बाहेरून ओळखता येत नाही, ही भीती दोन्हींच्या मुळाशी आहे. चित्रकार त्या आतल्या गोष्टीला दात, नखं, सडकं मांस देऊन बाहेर काढतो. खऱ्या गुन्ह्याचा लेखक फिशची पिकली मिशी आणि मऊ आवाज आपल्यापुढे ठेवतो आणि विचारतो, आता ओळखा.

वर्थमबद्दल आधी थोडं न्यायाने बोललं पाहिजे. कॉमिक्सच्या चाहत्यांनी त्याला खलनायक करून ठेवलं आहे. पण १९४६ मध्ये हार्लेमच्या काळ्या वस्तीत, एका चर्चच्या तळघरात त्याने लाफार्ग क्लिनिक उघडलं, तेव्हा गरीब काळ्या माणसांच्या मनाच्या दुखण्याकडे बघायला शहरात जवळपास कोणी नव्हतं. फी होती पंचवीस सेंट. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर काय परिणाम होतो हे त्याने मुलं तपासून डेलावेअरच्या खटल्यात मांडलं. तो खटला पुढे ज्या निकालात सामावला, तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ मे १९५४ ला लागला, म्हणजे सिनेटपुढच्या साक्षीनंतर महिन्याभरातच. दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याचे कागदपत्र २०१० मध्ये अभ्यासकांना खुले झाले आणि कॅरल टिली या अभ्यासिकेने २०१२ मध्ये दाखवून दिलं की ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या त्याच्या पुस्तकात मुलांच्या जबान्या जोडलेल्या, कापलेल्या, वाकवलेल्या आहेत. एका चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने खोटा पुरावा उभा केला, आणि त्यामुळे एक अख्खा कलाप्रकार गाडला गेला.

गाडलं गेलं ते काय होतं? ईसी कॉमिक्स ही कंपनी मॅक्स गेन्सने काढली तेव्हा ती बायबलच्या चित्रकथा छापत असे. १९४७ मध्ये बोटीच्या अपघातात तो गेला आणि धंदा विशी-पंचविशीतल्या बिलच्या, त्याच्या मुलाच्या गळ्यात पडला. बिल गेन्स आणि त्याचा संपादक अल फेल्डस्टाइन यांनी १९५० मध्ये तीन मासिकं सुरू केली : ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हाँट ऑफ फिअर’. गेन्स वजन कमी करायच्या गोळ्या घेई, त्यामुळे त्याला झोप येत नसे. रात्रभर वाचून तो कथानकांचे धागे काढी आणि सकाळी फेल्डस्टाइनसमोर ठेवी. फेल्डस्टाइन संवाद थेट चित्राच्या कोऱ्या बोर्डावर लिहून काढी. घाईत, स्वस्त कागदावर, पोरांसाठी झालेलं हे काम. त्यातली चित्रं आजही बघावीत अशी आहेत.

ग्रॅहम इंगल्स या चित्रकाराचं उदाहरण घेतो. १९५२ च्या ‘हाँट ऑफ फिअर’मध्ये त्याने एक गोष्ट चितारली. एक म्हातारा भंगारवाला, मुलांना मोडकी खेळणी दुरुस्त करून देणारा. शेजारच्या श्रीमंत बापलेकाला त्याचं तिथलं खोपट खुपतं. ते त्याला हळूहळू सगळ्यांपासून तोडतात, आणि व्हॅलेंटाइनच्या दिवशी गावाच्या नावाने द्वेषाने भरलेली शुभेच्छापत्रं पाठवतात. म्हातारा गळफास घेतो. वर्षाने, त्याच दिवशी, तो थडग्यातून उठून येतो. इंगल्सची रेघ इथे ओली होते, कपडे आणि कातडी एकमेकांत मिसळतात, पापण्यांवरून माती ओघळते. शेवटी लेकाच्या छातीतून काय काढलं जातं ते मी इथे सांगत नाही. सांगायचं एवढंच, की वाचणारं पोर त्या सडक्या प्रेताच्या बाजूचं असतं. ते घाबरलेलंही असतं आणि आता हिशेब चुकता होणार म्हणून खूषही असतं.

ईसीच्या कितीतरी गोष्टी याच घडणीच्या आहेत. त्यांतलं भयंकर दिसणारं प्रेत हे बहुतेक वेळा ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं असतं. मारणारा दिसायला नीटनेटका असतो. जॅक केमन हा दुसरा चित्रकार अशी माणसं काढण्यात तरबेज होता : इस्त्रीच्या सुटातला नवरा, केस बसवलेली बायको, उपनगरातलं टुमदार घर. राक्षसी कृत्यं याच लोकांच्या हातून होत. म्हणजे खुनी चारचौघांसारखाच दिसतो ही गोष्ट या ‘पोरकट’ मासिकांना पक्की ठाऊक होती. भीतीचा जन्म त्या नीटनेटक्या चेहऱ्यापाशी होत होता. चालतं प्रेत येई ते हिशेब मागायला. राक्षसाच्या ओढीमागचं मोठं कारण मला हेच वाटतं. कोर्ट, पोलीस, शेजारी यांपैकी कुणीही ज्याची दाद घेतली नाही, त्याची दाद घ्यायला राक्षस येतो.

त्या मासिकांचा काळही विसरून चालणार नाही. दुसरं महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती. छळछावण्यांची छायाचित्रं लोकांनी पाहिली होती. गेन्स, फेल्डस्टाइन आणि त्यांचे काही चित्रकार ज्यू होते. १९५५ मध्ये ‘इम्पॅक्ट’च्या पहिल्या अंकात बर्नार्ड क्रिगस्टाइनने चितारलेली ‘मास्टर रेस’ ही आठ पानी गोष्ट आली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यात एका माणसाला समोरचा चेहरा ओळखीचा वाटतो आणि त्याला छावणीतले दिवस आठवू लागतात. आपण समजतो की हा छावणीतून वाचलेला कैदी. पानं उलटत जातात आणि कळतं की हा त्या छावणीचा प्रमुख होता, घाबरलाय तो कैद्याला बघून. शेवटच्या चौकटींत धावत्या गाडीच्या खिडक्यांतले चेहरे पट्ट्यापट्ट्यांनी सरकतात. इथे भूत नाही, प्रेत नाही. पण रचना जुनीच आहे, हिशेब मागायला कुणीतरी परत आलंय. भयकॉमिक्सची आणि खऱ्या गुन्ह्याची वाट एकमेकांत मिसळलेली मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसते.

सिनेटपुढे गेन्स स्वतःहून गेला होता. वर्थमनंतर त्याची साक्ष झाली. सिनेटर एस्टेस कीफॉव्हर यांनी एक मुखपृष्ठ समोर धरलं : एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं डोकं. हे सुरुचीला धरून आहे का, असा प्रश्न आला. भयकॉमिकच्या मुखपृष्ठासाठी आहे, असं गेन्स म्हणाला. मग त्याने सुरुचीची हद्द कुठे संपते हेही सांगितलं : डोकं आणखी वर धरून मानेतून गळणारं रक्त दाखवलं असतं तर ते वाईट झालं असतं. दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रांत होता आणि त्याचा धंदा बुडाल्यात जमा होता. सप्टेंबरमध्ये त्याने भयकथांची मासिकं बंद करत असल्याचं जाहीर केलं.

त्यानंतर प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता बनवली. तिने मासिकाच्या नावात ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द वापरायला बंदी केली. चालती प्रेतं, रक्तपिपासू पिशाचं, लांडग्याचं रूप घेणारी माणसं, नरभक्षण सगळंच बाद केलं. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे आणि पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही, हेही तिच्यात होतं. दोन्ही कलमं एकत्र वाचली की नेमकं काय हिरावलं गेलं ते कळतं. मेलेल्यांनी परत यायचं नाही आणि जिवंत न्यायव्यवस्था कधी चुकायची नाही. (वर्थमला ही संहिता नको होती. लहान मुलांना विक्री करू नये असा कायदा त्याला हवा होता. त्याच्या नावावर हे पाप पूर्ण टाकणं बरोबर नाही.) १९५६ मध्ये या संहितेच्या प्रमुखाने ईसीच्या एका विज्ञानकथेतला अंतराळवीर काळा आहे म्हणून आक्षेप घेतला. गेन्सने ऐकलं नाही, गोष्ट आहे तशी छापली आणि कॉमिक्स काढणंच थांबवलं.

संहिता लागू झाल्यानंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९५७ मध्ये, विस्कॉन्सिन राज्यातल्या प्लेनफील्ड या खेड्यात पोलीस एड गीनच्या शेतघरात शिरले. दोन बायकांचा खून आणि कितीतरी थडगी उकरलेली. घरात जे सापडलं ते ईसीच्या कुठल्याही अंकात छापलेलं नव्हतं. गावाच्या लेखी गीन विचित्र पण निरुपद्रवी माणूस होता, कुणी बोलावलं तर कामाला येणारा, मुलं सांभाळायलाही बसणारा. पुढे त्याची मोटारगाडी लिलावात विकली गेली आणि जत्रांमधून तिकीट लावून दाखवली गेली. लोकांनी रांगा लावल्या. राक्षसाची ओढ किती आंधळी होऊ शकते याचा मला याहून मोठा पुरावा नको. त्या गाडीभोवती जमलेल्या एकाही माणसाला मेलेल्या बायकांचा हिशेब मागायचा नव्हता.

रॉबर्ट ब्लॉक हा लेखक त्या वेळी पन्नास-साठ किलोमीटरवर राहत होता. आपल्या शेजारी राक्षस असेल आणि जिथे सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं अशा खेड्यातही कुणाला पत्ता लागणार नाही, या एका कल्पनेवर त्याने १९५९ मध्ये ‘सायको’ लिहिली. तिच्यातला नॉर्मन जाडा, चष्मेवाला, चाळिशीचा आहे. १९६० मध्ये हिचकॉकने अँथनी पर्किन्सला घेतलं आणि नॉर्मन सडपातळ, देखणा, लाजरा झाला. दात आणि नखं गळून पडली. तिथून पुढे पडद्यावरचा आणि पुस्तकातला राक्षस अधिकाधिक आपल्यासारखा दिसू लागला.

खऱ्या गुन्ह्याला चेहरा द्यायची धडपड कॉमिक्समध्ये त्याआधीही झाली होती. १९४२ पासून निघणाऱ्या ‘क्राइम डझ नॉट पे’मध्ये खऱ्या गुन्हेगारांच्या गोष्टी असत आणि त्या सांगायला मिस्टर क्राइम नावाचं पांढरंफटक, उंच टोपी घातलेलं भूत असे. ते गुन्हेगाराच्या खांद्याशी उभं राहून त्याला चिथवी. वाचकाला तेवढा दिलासा होता : बघा, हे बाहेरून आलेलं आहे. त्या मासिकाच्या दोन संपादकांपैकी एक, बॉब वुड, याने १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात एका स्त्रीला मारून टाकलं. त्याच्या खांद्याशी कोणतंही भूत उभं नव्हतं.

हा दिलासा काढून घेणारी पुस्तकं मला श्रेष्ठ वाटतात. अ‍ॅन रूल १९७१ मध्ये सिअ‍ॅटलच्या एका हेल्पलाइनवर रात्रपाळीला एका हुशार, मदतीला तत्पर तरुणाशेजारी बसत असे. तो टेड बंडी होता, कितीतरी तरुणींचा खुनी. १९८० च्या तिच्या ‘द स्ट्रेंजर बिसाइड मी’मध्ये हे सत्य पचवायला तिला किती जड गेलं ते पानापानावर दिसतं. डर्फ बॅकडर्फ हा व्यंगचित्रकार ओहायोमधल्या शाळेत जेफ्री डामरच्या वर्गात होता. २०१२ चं त्याचं ‘माय फ्रेंड डामर’ डामरने पहिला खून करेपर्यंतच्या वर्षांवर थांबतं. एकही खून त्यात चितारलेला नाही. रोज शाळेत दारू पिऊन येणारं एक पोर, आणि त्याच्याकडे न बघणारी सगळी मोठी माणसं, एवढ्यावर ते उभं आहे. डामरची कीव करा, पण त्याच्याशी एकरूप होऊ नका, असं बॅकडर्फ बजावतो. मला ही भूमिका वर्थमच्या फिशबद्दलच्या भूमिकेहून अधिक प्रामाणिक वाटते.

ही पुस्तकं वाचतं कोण? अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं की खऱ्या गुन्ह्यांच्या पुस्तकांकडे पुरुषांपेक्षा स्त्रियांचा ओढा जास्त आहे. एखादी बाई हल्लेखोराच्या तावडीतून कशी सुटली याची माहिती ज्यात असेल ते पुस्तक त्यांना जास्त हवंसं वाटतं. जिला रात्री उशिरा रिक्षाने घरी यावं लागतं तिला हा निष्कर्ष नवा वाटणार नाही. विकृत कुतूहल म्हणून ज्याची टिंगल होते ते पुष्कळदा जिवाच्या काळजीने केलेलं वाचन असतं.

मराठी वाचकाकडे यातलं बरंच काही वळणावळणाने पोचलेलं आहे. स्टीफन किंग ईसीची कॉमिक्स वाचत मोठा झाला, १९८२ चा ‘क्रीपशो’ हा चित्रपट लिहून त्याने ते ऋण मान्य केलं; आणि आपल्या नारायण धारपांनी किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली.

आता तक्रार. खऱ्या गुन्ह्यांची बहुसंख्य पुस्तकं त्या जत्रेतल्या मोटारगाडीसारखी आहेत. १८८८ च्या लंडनमधल्या ‘जॅक द रिपर’वर इतकं लिहिलं गेलं, पण त्याने मारलेल्या बायकांचं आयुष्य लिहायला २०१९ साल उजाडावं लागलं. हॅली रूबेनहोल्डने ‘द फाइव्ह’ लिहिलं तेव्हा कळलं की अ‍ॅनी चॅपमन एका कोचमनची बायको होती, एलिझाबेथ स्ट्राइड स्वीडनमधून आलेली होती, कॅथरीन एडोज रस्त्यावर गाणी छापून विकत असे. मेरी अ‍ॅन निकल्स आणि मेरी जेन केली या उरलेल्या दोघी. त्या सगळ्या वेश्या होत्या या समजाला, पाचांपैकी तिघींच्या बाबतीत पुरावाच नाही, असं रूबेनहोल्डचं म्हणणं आहे. तिच्या पुस्तकात खुनांचं वर्णन जवळजवळ नाही. इंगल्सच्या म्हाताऱ्याने जे केलं तेच हे पुस्तक करतं. मेलेल्यांना उठवून आणतं आणि आपल्यासमोर उभं करतं.

पुण्याचं बोललंच पाहिजे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसं मारली गेली. मारणारे कलेचं शिक्षण घेणारे चार तरुण. त्यांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्याला फाशी झाली. त्यांच्यातल्या एकाने तुरुंगात लिहिलेलं आत्मकथन वाचलं गेलं, १९८६ मध्ये ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला. खटल्याला नाव मेलेल्यांचं आहे, जोशी-अभ्यंकर. तरी आजही पुण्यातल्या कुणालाही विचारा, त्या चौघांची आडनावं घडाघडा येतील. काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण होते ते येणार नाही. ते संस्कृत व्याकरणाचे पंडित होते. त्यांनी संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेचा इंग्रजी कोश केला, तो १९६१ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला. मारले गेले तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याऐंशी होतं. त्या रात्री त्यांच्या घरात त्यांच्यासह पाच माणसं गेली, त्यांत घरकाम करणारी एक बाईही होती.

पुढच्या प्रकरणांत राक्षस भरपूर आहेत, चितारलेले आणि खरे. त्यांची ओढ मला आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. चितारलेल्यांबद्दल मी मोकळेपणाने, प्रेमाने लिहिलं आहे. खऱ्या गुन्ह्यांच्या प्रत्येक प्रकरणाची पहिली पानं मात्र मारल्या गेलेल्या माणसांची आहेत : ती कुठे राहत, काय काम करत, त्यांचं कोण होतं. खुनी त्यानंतर येतो. वाचकांना विनंती की ती पानं ओलांडून पुढे जाऊ नका.